पुलाखालचा पडाव

गेक चू पुलाला भिते, हे सिंगापूर नदीच्या धक्क्यावर लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. वखारींसमोर बायकांचा एक घोळका फाटकी पोती शिवायला बसायचा. त्यात तिची जागा ठरलेली, अगदी कडेची. तिथून नदीचं मुख आणि त्यावरचा ठेंगणा लोखंडी पूल सरळ दिसायचा. दिवस चढला की त्या जागी ऊन यायचं. बाकीच्या बायका सावलीबरोबर सरकायच्या, ही मात्र तिथंच. हातात दाभण, दातात सुतळी आणि नजर पुलाकडे.

"काय गं, पूल आहे ना जागेवर? की नेला कुणी उचलून?" शेजारची अ-लान विचारायची.

"आहे."

"मग शिव की बाई. तू डोळे वटारलेस म्हणून तो काही उंच व्हायचा नाही."

सगळ्या हसायच्या. गेक चूही हसायची, पण मान वळवायची नाही. तिचा नवरा तेक लेंग पडावाचा, म्हणजे माल वाहणाऱ्या रुंद बोटीचा, तांडेल होता. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि त्यांच्यातला माल पडाव भरभरून नदीत आणायचे. पुढे हमाल तो पाठीवर घेऊन हलत्या फळीवरून वखारीत टाकायचे. पण नदीत शिरायची वाट त्या पुलाखालून. ओहोटीला नदीत चिखल, पडाव रुतायचा. भरतीला पाणी चढलं की पुलाखाली जागा उरायची नाही. या दोहोंच्या मधल्या वेळात सगळ्यांनाच आत घुसायचं असायचं. पुलाच्या खांबावर शेवाळाचा एक हिरवा पट्टा होता. तो पाण्याखाली जाऊ लागला आणि तेक लेंगचा पडाव अजून बाहेरच असला, की गेक चूचा शिवता हात थांबायचा.

त्या पडावावर तिची दोन माणसं होती. सुकाणूवर नवरा आणि पुढच्या टोकाला बांबू घेऊन धाकटा भाऊ, बून काय. आई गेली तेव्हा बून काय नीट चालतही नव्हता. तिनंच त्याला वाढवला आणि लग्नानंतर सोबत घेऊन आली. "बाकीच्या सुना कपाट आणतात, आमची भाऊ घेऊन आली," असं सासू म्हणायची. तेक लेंग तेव्हा काहीच बोलला नव्हता. तो जमिनीवर फारसा बोलायचाच नाही. पण पोर जरा उंच झाल्यावर त्यानंच त्याला पडावावर नेलं, पाणी वाचायला शिकवलं, पुलाखालून जाताना हाताच्या खुणेनं किती जागा आहे ते कसं सांगायचं, तेही शिकवलं. पडाव तेक लेंगच्या वडिलांचा. इंजिन नंतर बसवलेलं, लाकूड जुनंच.

त्या वर्षी मात्र घरात बिनसलं होतं.

पलीकडच्या बंदरात लोखंडी पेट्यांची जहाजं लागायला लागून दोनेक वर्षं झाली होती. पेटी जहाजातून निघायची ती थेट लॉरीवर. मध्ये ना पडाव, ना हमाल, ना शिवायला फाटकं पोतं. धक्क्यावर माणसं आधी त्या पेट्यांची टिंगल करायची, मग हळूहळू टिंगल थांबली. पडावांच्या खेपा कमी झाल्या. पूर्वी माल पडावाची वाट बघायचा, आता पडाव मालाची वाट बघत एकमेकांना खेटून बांधलेले असायचे.

एका संध्याकाळी जेवताना बून कायनं विषय काढला. तो गेक चूला 'अ-ची' म्हणायचा, म्हणजे ताई, आणि तेक लेंगला 'ची-हू', म्हणजे बहिणीचा नवरा.

"ची-हू, मला तिकडे घेतायत. क्रेन चालवायला शिकवणार आहेत."

तेक लेंगनं पेजेचा वाडगा खाली ठेवला. "तिकडे म्हणजे कुठे?"

"पेट्यांच्या धक्क्यावर."

"म्हणजे आमच्या मढ्यावर बसून."

"मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल. म्हणून पेट्या यायच्या थांबणार आहेत का?"

"जा की मग. उद्या कशाला, आत्ता जा. तुझ्यावाचून नदी आटत नाही."

"नवीन वर्ष झालं की जातो," बून काय म्हणाला आणि उठला. खारवलेला मुळा वाटीत तसाच राहिला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरात एक आला की दुसरा बाहेर. गेक चू दोनदा वाढायची आणि मधल्या वेळात एकटी बसायची. घरातलं एक वेळ ठीक होतं. पण पडावावर? भरलेल्या पडावात सुकाणूवरच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. मालाचा डोंगर मध्ये असतो. पुढच्यानं सांगायचं आणि मागच्यानं ऐकायचं, तेव्हा कुठे पडाव चालतो.

"पाण्यावर तरी बोलता का रे?" तिनं भावाला विचारलं.

"हातानं खुणा करतो. तेवढं पुरतं."

"नाही पुरत."

"अ-ची, तू पूल सांभाळ," तो हसून म्हणाला. "पडाव आम्ही सांभाळतो."

तिला हसू आलं नाही. त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही तिला झोप लागली नाही. नवऱ्याला काही म्हणावं तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. कूस बदलताना त्याचा श्वास ऐकू यायचा, म्हणजे तोही जागाच होता.

चिनी वर्ष सरायला एकच दिवस उरला होता. वखारी उद्या दुपारनंतर बंद होणार आणि मग चांगले चारपाच दिवस उघडणार नाहीत, म्हणून जो तो माल आत ओतायच्या घाईत. त्यात अमावास्या तोंडावर, उधाणाची भरती. नेहमीपेक्षा पाणी लवकर चढणार आणि जास्त चढणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तरी पडाव तुडुंब भरून येत होते. तौकेचा, म्हणजे मालकाचा, कारकून सिम आदल्या दिवशीच धक्क्यावर सांगून गेला होता, "सयामचा तांदूळ जो लवकर आत आणेल, त्याला नव्या वर्षातलं पहिलं काम." काम थोडं आणि पडाव फार, अशा दिवसांत एवढं वाक्य पुरेसं होतं.

अ-लाननं सुतळीचं बिंडं बांधायला घेतलं. "चल गं, बाजारात जाऊ. बदकं संपतील."

"तू हो पुढे. त्यांचा पडाव आला की येते."

"आणि नाही आला तर इथंच नवीन वर्ष करणार?"

गेक चूनं नजर पुलावरून काढली नाही. हिरवा पट्टा केव्हाच पाण्याखाली गेला होता. खांबावर आता नुसतं काळं लोखंड आणि त्याला चाटत वर चढणारं मातकट पाणी. आता येऊ नका, ती मनात म्हणत होती. बाहेर थांबा, ओहोटी लागली की या. पहिलं काम दुसऱ्या कुणाला मिळू दे.

आणि तेवढ्यात तिला तो दिसला. कडांना लाल रंग, पुढच्या फळीला एक पांढरट ठिगळ. लांबूनही चुकायचा नाही. पडावावर पोत्यांचा एक थर जास्तीचा होता. तिनं दाभण पोत्यात तसाच खुपसला आणि ती उठून उभी राहिली.

पुढच्या टोकाला बून काय हात वर करून उभा होता. पंजा उघडा, म्हणजे थांब. इंजिनाचा आवाज बदलला, घरघर खोल गेली. तेक लेंगनं ते उलट फिरवलं असणार. पण भरतीचा लोंढा मागून रेटत होता आणि पडावाचं नाक पुलाखाली शिरलं होतं. बून काय पोत्यांवर चढला. वरच्या थरातलं एक पोतं पुलाच्या तुळईला अडत होतं, ते ओढून खाली पाडायला तो पालथा पडून पुढे सरकला. ते पाडलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

पण त्याच वेळी पुलाच्या शेजारच्या गाळ्यातून एक मोटरलाँच भरधाव बाहेर पडली. तिच्यामागे लाट उठली. लाटेनं पडाव अलगद वर उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि बून काय तांदूळ आणि लोखंड यांच्या मध्ये सापडला.

त्याची किंकाळी पुलाखाली घुमून धक्क्यावर आली.

गेक चू धावली. पायातली एक सपात कुठे गेली ते तिला कळलं नाही. सुतळी कापायची सुरी तेवढी तिच्या हातात होती. काठाला एक भाजीवाला होडीत टोपल्या रचत होता. ती सरळ त्याच्या टोपल्यांवरच उतरली.

"पुलाकडे! पुलाकडे घे!"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि एक शब्द न विचारता वल्हं मारलं.

पुलाखाली गार आणि अंधारं होतं. इंजिनाचा आवाज लोखंडावर आपटून दुप्पट होत होता. वर पुलावर माणसं वाकून ओरडत होती, कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं. बून काय पोत्यांवर पालथा, छातीपासून कमरेपर्यंत तुळईखाली. एक हात बाहेर लोंबत होता आणि त्याची बोटं हलत होती. गेक चूनं आधी ती बोटं बघितली. हलतायत, म्हणजे आहे.

मग तिनं मागे बघितलं. तेक लेंग सुकाणूपाशी उभा होता. नुसता उभा. दोन्ही हात दांड्यावर, पाय फाकलेले, चेहरा दगडासारखा. बायको आली, मेव्हणा चिरडतोय, सगळा धक्का धावतोय, आणि हा माणूस जागचा हलायला तयार नाही!

"तेक लेंग!" ती ओरडली. "ये ना इकडे!"

तो आला नाही. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तोवर हमालांचा म्हातारा मुकादम, खियाम पेक, आपली माणसं घेऊन एका रिकाम्या पडावातून पोचला होता. एका लाँचवाल्यानं मागून दोर फेकला. "बांधा! मी मागे ओढतो!"

"नाही!" गेक चू दोराच्या आणि पडावाच्या मध्ये उभी राहिली. "ओढलंत तर मध्ये मोडेल तो!"

"दोर घे मागे!" खियाम पेक गरजला. मग आपल्या माणसांना म्हणाला, "चढा रे सगळे! वजन टाका. पडाव दबला पाहिजे."

हमाल धपाधप उड्या मारून चढले, पण सगळे एकाच बाजूला. पडाव कलला आणि बून काय असा ओरडला की वरच्या माणसांनीही तोंडं फिरवली.

"एका काठावर नाही, मेल्यांनो! दोन्हीकडे वाटून उभे राहा! हळू! म्हशी आहात का!"

पडाव सरळ झाला आणि जरासा दबला. बून कायच्या तोंडातून हवा गेल्याचा आवाज आला. पण पाणी चढतच होतं. जेवढा पडाव माणसांनी दाबला होता, तेवढा भरती त्याला पुन्हा उचलत होती. अजून माणसं चढवावीत तर पडावाचा काठ आधीच पाण्याला टेकत आलेला. त्यात पुलाबाहेर नदी गजबजलेली. मध्येच कुणाची तरी लाट यायची, पडाव वर उठायचा आणि प्रत्येक वेळी गेक चूला वाटायचं, संपलं.

ती पोत्यांवर पोटानं सरपटत भावापर्यंत गेली. त्याचा गाल गोणपाटाला चिकटलेला, ओठ निळे.

"अ-ची," तो पुटपुटला. "श्वास..."

"बोलू नकोस."

त्याच्या छातीखालचं पोतं ओढून निघणार नव्हतं. भाऊ आणि पूल दोन्ही त्याच्यावर बसले होते. पण पोत्याचं तोंड तिच्याकडे होतं. जन्मभर तिनं पोत्यांची तोंडं शिवली होती. तिनं सुरी शिवणीच्या टोकाला घातली आणि आडवी ओढली.

तांदूळ धो धो बाहेर पडला. तिच्या मांडीवर, कडेवरून खाली, नदीत.

"अरे काय करतेय ही बाई!" वरून, पुलाच्या कठड्यावरून, सिम कारकुनाचा आवाज आला. "तौकेचा माल आहे तो! पोती फाडतेय! अरे धरा तिला कुणी!"

खियाम पेकनं मान वर केली. "तौकेला विचारून ये," तो म्हणाला. "या भातात माणूस शिजवून हवाय का, म्हणावं!"

आणि त्यानं कमरेचा लोखंडी आकडा काढून दुसऱ्या पोत्यात घुसवला. बाकीच्या हमालांनी आकडे काढले. ज्या आकड्यांनी एकही दाणा न सांडता पोती उचलायची, त्यांनीच ते आता फाडत सुटले.

तेव्हा सुकाणूवरून तेक लेंग ओरडला. इतका वेळ तो ओरडत असेलही. पण इंजिनाच्या घरघरीतून गेक चूला नीट ऐकू आला तो आत्ताच.

"सोड!"

तिनं वळून बघितलं. तिच्याकडेच तोंड होतं त्याचं.

"सोड!" थोड्या वेळानं पुन्हा. "सोड!"

 मग तिच्या अंगात काहीतरी पेटलं. सोडू? पोती सोडू? तौकेचा तांदूळ वाचवू आणि भाऊ सोडू? तिनं पुढचं पोतं फाडलं, त्याच्या पुढचं फाडलं, नखांनी तांदूळ उपसून बाहेर ढकलला. मागून तो ओरडतच होता. 'सोड'. मध्ये आणखी काही. पुन्हा 'सोड'. तिनं ऐकायचं बंद केलं.

बून कायच्या छातीखालचं पोतं पिचकलं. तो खचकन खाली आला, एवढासाच, पण पुरेसा. खियाम पेकनं त्याचे पाय धरले, दोन हमालांनी कंबर, आणि त्याला मागे ओढून काढला. पुलावरच्या लोकांनी मोठ्यानं आरोळी ठोकली. गेक चूनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या केसांत, कानांत, पोलक्यात तांदूळ होता.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाईनं येऊन सांगितलं, बरगड्या मोडल्यात, कमरेचं हाड तडकलंय, फुप्फुसाला मार आहे. रात्र काढली तर बरं. 'काढली तर' हे दोन शब्द घेऊन ती बसून राहिली.

तेक लेंग उशिरा आला. पडाव पुलाखालून काढून धक्क्याला लावल्याशिवाय त्याला येता आलं नव्हतं. कपडे ओले, हात मागे बांधलेले.

"कसा आहे?"

गेक चूनं वर बघितलं. "तांदूळ वाचला का?" तिनं विचारलं.

तो बाकापाशी आला. मग म्हणाला, "नाही. बराचसा गेला."

"वाईट झालं."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. थोड्या वेळानं उठून गेला आणि पत्र्याच्या डब्यातून कॉफी घेऊन आला, तिच्या शेजारी ठेवली. तिनं ती प्यायली नाही. कॉफीवर साय धरली. रात्रभर ते दोघे त्या बाकाच्या दोन टोकांना बसले होते आणि दार उघडलं की दोघेही एकदम उठत होते.

सकाळी बून कायनं डोळे उघडले. दुपारी तो दोन शब्द बोलला. बाहेर शहरात वर्षाअखेरच्या जेवणाची गडबड सुरू झाली होती. परिचारिकाही घड्याळाकडे बघत होत्या. गेक चू पेजेचे चमचे त्याच्या ओठांना लावत होती.

"ची-हू कुठाय?" त्यानं विचारलं.

"असेल कुठेतरी. तांदूळ वाळवत."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू?" इतका वेळ दाबलेलं सगळं वर आलं. "जागचा हलला नाही तो! म्हातारा खियाम पेक धावला, वाटेवरचा भाजीवाला धावला, आणि हा सुकाणू धरून उभा. वर मला ओरडतोय, सोड, सोड. पोती सोड म्हणून! तुम्ही बोलत नव्हता हे मला माहीत होतं रे. पण एवढं?"

बून काय हसायला गेला आणि बरगड्यांनी त्याला हसू दिलं नाही. तो डोळे मिटून थांबला.

"ते तुला नव्हतं, अ-ची," तो म्हणाला. एकेक शब्द सुटा सुटा. "मला होतं. श्वास सोड."

"काय?"

"मी पालथा. मला काही दिसत नव्हतं. लाट आली की पडाव उठायचा. त्याला मागून लाटा दिसायच्या. लाट यायच्या आधी तो ओरडायचा, सोड. मी छाती रिकामी करायचो, म्हणजे तेवढी जागा राहायची. लाट गेली की ओरडायचा, घे. पहिल्या लाटेला मला कळलं नव्हतं, तेव्हाच बरगड्या गेल्या. नंतरच्या सगळ्या त्यानं सांगितल्या." त्यानं दम घेतला. "'घे' नाही ऐकलंस?"

गेक चूला आठवलं. दोन 'सोड'च्या मध्ये आणखी काहीतरी होतं, इंजिनानं गिळलेलं.

"पण मग पुढे का नाही आला?"

"सुकाणू कुणावर टाकून? भरती पडावाला आत रेटत होती. इंजिन उलटं लावून त्यानं तो जागच्या जागी धरला होता. हातभर जरी पुढे सरकला असता ना, तर त्या तुळईनं मला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "इतके दिवस बोलत नव्हता, आणि त्या वेळी बघ. थांबलाच नाही बोलायचा."

तिनं चमचा वाटीत ठेवला. मग ती उठून बाहेर निघाली.

तेक लेंग खाली आवारात, सायकली लावायच्या जागेपाशी उकिडवा बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

त्यानं हात पुढे केले. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. दांड्याच्या रुंदीचा एकेक लाल पट्टा. कालपासून त्यानं हात मागे का बांधले होते ते तिला आता कळलं.

"का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. "तू तांदूळ विचारलास."

ती त्याच्या शेजारी खाली बसली. रडली नाही. पदरासारखं काही हाताशी नव्हतं म्हणून पोलक्याची बाही ओढून तिनं नाक पुसलं. मग आत जाऊन परिचारिकेकडून मलम मागून आणलं आणि त्याच्या तळव्यांना लावत बसली. तो दुखतंय म्हणाला नाही; फक्त एकदा म्हणाला, "एक थर जास्त घ्यायला नको होता." तिनं मान डोलावली. ते खरंच होतं.

तौके ओरडला नाही. माणूस वाचला हे बरं झालं, असं त्यानं निरोपात कळवलं. पण नव्या वर्षातलं पहिलं काम दुसऱ्या पडावाला गेलं, आणि दुसरंही. खियाम पेकच्या हमालांनी मात्र कारकुनाशी भांडून तेक लेंगला अधूनमधून रबराच्या खेपा मिळवून दिल्या. त्या खेपांना तो बाहेर समुद्रात थांबून राहायचा, पाणी उतरल्याशिवाय आत यायचा नाही. मागचे तांडेल शिव्या घालत पुढे निघून जायचे. काम आणखी कमी झालं. गेक चूनं पोत्यांच्या जोडीला एका वखारीत झाडलोट धरली.

बून काय काठीनं चालायला लागेपर्यंत पाऊसकाळ गेला. क्रेनच्या शिडीवर चढणं त्या कमरेला शक्य नव्हतं. तिकडच्या लोकांनी तसं स्पष्ट सांगितलं. तो दिवसचे दिवस भिंतीला टेकून बसायचा. गेक चू पुन्हा झोपेनाशी झाली. एके दिवशी तेक लेंग सकाळीच धुतलेला सदरा घालून बाहेर पडला, कुठे जातोय ते न सांगता, आणि संध्याकाळी आला तो दारातच उभा राहून म्हणाला, "फाटकावर माणूस हवाय त्यांना. लॉऱ्यांसाठी फाटक उघडायचं, लावायचं. बसायला खुर्ची आहे. वर पत्रा आहे."

"कुठे?" गेक चूनं विचारलं.

"पेट्यांच्या धक्क्यावर. दुसरं कुठे?"

"तू गेला होतास तिथं?"

"मग काय, पेट्या इथं येणार होत्या?" तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

पुढे काही वर्षांनी सरकारनं नदी साफ करायला काढली आणि सगळे पडाव तिथून उठवून पश्चिमेच्या किनाऱ्यावर, पासिर पांजांगला नेले. तेक लेंगचाही गेला. तिथं उघडा समुद्र आणि काम नावापुरतं. सुट्टीच्या दिवशी, आणि पुढे पुढे सुट्टी नसतानाही, तो त्या फाटकावर जाऊन बसायला लागला. बून कायनं त्याच्यासाठी कुठूनसा एक लाकडी खोका आणून ठेवला होता.

एका दुपारी गेक चू दोघांचं जेवण घेऊन गेली. लॉऱ्या धुरळा उडवत येत-जात होत्या. मागे क्रेन एकेक पेटी उचलून अलगद खाली ठेवत होती, आणि हे दोघे हातवारे करत भांडत होते. बून कायचं म्हणणं, ती पेटी लॉरीवर वाकडी बसली. तेक लेंगचं म्हणणं, वाकडी नाही, वारं कुठून येतंय ते त्या क्रेनवाल्यानं बघितलं नाही.

"तुम्हाला इथं बसून काय कळतंय वारं!"

"अरे, वारं मी तुला शिकवलं की तू मला?"

ती डबा घेऊन उभी होती. दोघांपैकी कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. मागून एका लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला, तेव्हा तिनंच डबा खाली ठेवला आणि फाटक उघडलं.